चार गेमची कारकीर्द : जॉर्डन मेकनर यांच्या कामाचा अभ्यास कसा करावा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : आपण अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात आहात, पुढे गेम डिझाइन शिकण्याची इच्छा आहे आणि प्रवेशासाठी एखाद्या डिझायनरच्या संपूर्ण कामावर निबंध मागितला आहे. आपण ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’चे जनक जॉर्डन मेकनर यांची निवड केली, परंतु माहिती जमवताना असे दिसले की चाळीस वर्षांत त्यांच्या नावावर ठळक असे चारच गेम आहेत, त्यांपैकी एक बाजारात पडला आणि एक तर मोठ्या स्टुडिओच्या चमूने बनवला. तेव्हा याला कारकीर्द म्हणावे काय, आणि म्हणायचे असेल तर निबंधात नेमके काय लिहावे, असे आपण विचारले आहे.

मी बरीच वर्षे गेम डिझायनर म्हणून काम करतो आणि नव्या उमेदवारांचे पोर्टफोलिओ तपासणे हा माझ्या कामाचा नेहमीचा भाग आहे. त्या अनुभवावरून सांगतो की आपली अडचण गेमच्या संख्येत नाही. चित्रकाराचे चित्र समोर दिसते, लेखकाचे वाक्य वाचता येते. गेममध्ये मात्र कोड, चित्रे, संगीत आणि अभिनय हे सगळे दिसते, पण डिझायनरने केलेले काम नियमांमध्ये दडलेले असते. ते कसे ओळखावे, हा आपला खरा प्रश्न आहे. तो सुटला की मेकनर यांचे चार गेम निबंधाला अपुरे वाटणार नाहीत. उलट, शब्दमर्यादा पाळणे कठीण जाईल.

माझे मत आधीच मांडतो. या चारही गेममध्ये एकच माणूस एकाच प्रश्नाशी पुन्हा पुन्हा झुंजताना दिसतो : खेळाडूच्या चुकीची किंमत वेळेच्या रूपाने कशी घ्यायची आणि त्या वेळेतूनच गोष्ट कशी सांगायची. हा धागा हाती धरून त्यांचे गेम क्रमाने खेळावेत.

सुरुवात ‘कराटेका’ या त्यांच्या पहिल्या प्रसिद्ध झालेल्या गेमच्याही आधीपासून करावी. १९६४ साली जन्मलेले मेकनर येल विद्यापीठात शिकत असताना त्यांनी ‘डेथबाउन्स’ नावाचा अंतराळातील नेमबाजीचा गेम ब्रॉडरबंड या प्रकाशकाकडे पाठवला आणि तो नाकारला गेला. तो काळ नाणे टाकून खेळायच्या आर्केड यंत्रांवरील यशस्वी गेमची नक्कल करण्याचा होता आणि डेथबाउन्सही त्याच वळणाचा होता. त्यानंतर १९८४ साली ॲपल टू संगणकावर आलेला कराटेका मात्र वेगळ्याच दिशेने गेला. त्यांनी आपल्या कराटे शिक्षकाचे आणि वडिलांचे चित्रीकरण केले, त्या फिल्मच्या एकेका चौकटीवरून हाताने आकृती उतरवून घेतल्या आणि त्या संगणकात भरल्या. या तंत्राला रोटोस्कोपिंग म्हणतात. चित्रपटांत ते जुने होते, घरगुती संगणकाच्या गेममध्ये मात्र नवे होते. संगीत त्यांचे वडील फ्रान्सिस मेकनर यांनी रचले.

निबंध लिहिणारे बहुतेक जण रोटोस्कोपिंगपाशीच थांबतात. आपण एक पाऊल पुढे जावे. कराटेकातील नायक दोन पवित्र्यांत असतो : धावण्याचा आणि लढण्याचा. धावण्याच्या पवित्र्यात शत्रूचा एक फटका बसला तरी खेळ संपतो. शेवटी जिला सोडवायचे ती कैदेतली राजकन्या भेटते तेव्हा खेळाडू लढण्याच्या पवित्र्यातच तिच्याकडे गेला, तर तीच त्याला एका लाथेत ठार करते. हा नियम कुठेही लिहून सांगितलेला नाही. संपूर्ण गेमभर खेळाडूला जी सवय लावली, तीच शेवटच्या क्षणी त्याला नडते आणि त्यातून राजकन्येचा स्वभावही कळतो. संवादाच्या एकाही ओळीशिवाय हे साधते. डिझायनरचे काम म्हणतात ते हे.

आता ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’. नव्वदच्या दशकात आपल्याकडे ज्यांनी कम्प्युटर क्लासमध्ये किंवा वडिलांच्या कार्यालयातील पीसीवर फ्लॉपी घालून हा गेम खेळला, त्यांची ओळख डॉस या पीसीच्या जुन्या कार्यप्रणालीवरील आवृत्तीशी आहे. मूळ गेम मात्र १९८९ साली ॲपल टूवर आला आणि त्यासाठी मेकनर यांनी सुमारे चार वर्षे खर्ची घातली. धाकटा भाऊ डेव्हिड याला पांढरे कपडे घालून धावायला, उड्या मारायला आणि कठड्याला लटकायला लावले, त्याचे व्हिडिओ चित्रीकरण केले, पडद्यावरील स्थिर चौकटींची छायाचित्रे काढली, त्यांवर काळ्या मार्करने आणि पांढऱ्या शाईने आकृती ठसठशीत केल्या आणि मग त्या संगणकात घेतल्या. तलवारबाजीसाठी त्यांनी १९३८ सालच्या रॉबिन हूडवरील चित्रपटातील एरॉल फ्लिन आणि बॅझिल रॅथबोन यांच्या द्वंद्वाचा काही सेकंदांचा तुकडा वापरला, कारण त्यात दोघेही बाजूने स्पष्ट दिसतात.

या हालचाली सुंदर आहेत हे सर्वांनाच दिसते. मात्र सुंदर हालचालीची किंमत खेळाडूला मोजावी लागते. माणसासारखा धावणारा राजपुत्र कळ दाबताच धावू लागत नाही आणि सोडताच थांबत नाही; त्याच्या शरीराला वजन आहे. एखाद्या साध्या गेममध्ये अशी दिरंगाई दोष ठरली असती. मेकनर यांनी लेव्हलची मांडणीच त्या वजनाला धरून केली. प्रत्येक खोली दहा रकाने आणि तीन मजले अशा चौकटींची बनलेली आहे आणि एका लेव्हलमध्ये अशा जास्तीत जास्त २४ खोल्या असतात. जपून टाकलेले एक पाऊल, उभ्याने मारलेली उडी आणि धावत येऊन मारलेली उडी या तिन्हींची लांबी या चौकटींशी जुळलेली आहे. एक मजला पडल्यास काही होत नाही, दोन मजले पडल्यास प्राणशक्तीचा एक अंश जातो, तीन मजले पडल्यास मृत्यू. त्यामुळे खेळाडू काही वेळातच नजरेने अंतर मोजू लागतो आणि मरण आले तर दोष गेमचा नसून आपल्या अंदाजाचा आहे हे त्याला पटते. माझ्या मते या गेमचा खरा पाया चौकटींची ही शिस्त आहे. ॲनिमेशन त्या पायावर उभे आहे.

त्यावर वेळेचा नियम येतो. जाफर वजिराने कैदेतील राजकन्येला ‘माझ्याशी लग्न कर, नाहीतर मर’ असे बजावून एक तासाची मुदत दिली आहे आणि खेळाडूलाही खरोखरीची ६० मिनिटेच मिळतात. प्राण मोजके नाहीत. कितीही वेळा मेलात तरी लेव्हल पुन्हा सुरू करता येते. गेलेली मिनिटे मात्र परत मिळत नाहीत. त्या काळातील बहुसंख्य गेम तीन प्राण देत आणि ते संपले की सुरुवातीला नेऊन सोडत, कारण आर्केड यंत्राला पुढचे नाणे हवे असे. घरच्या संगणकाला नाणे नको असते, हे ओळखून मेकनर यांनी शिक्षेचे चलनच बदलले. जपून पाऊल टाकावे तर वेळ जातो, धावावे तर काटे आणि खड्डे आहेत. या ताणातून खेळाडूची आणि कथेतल्या राजपुत्राची घाई एकच होऊन जाते.

माझ्याकडे येणाऱ्या उमेदवारांना मी नेहमी एक काम सांगतो : गेममधील एक नियम काढून टाका आणि त्यामुळे दुसरे काय काय कोसळते ते लिहा. आपणही हे करून पाहा. साठ मिनिटांची मर्यादा काढली, तर प्रत्येक खोली पाऊल-पाऊल टाकत पार करणे हाच शहाणपणाचा मार्ग उरतो, धावत मारायच्या उडीचे महत्त्व जाते, आडवाटेला ठेवलेले प्राणशक्ती वाढवणारे पेय घ्यायला जावे की नाही हा पेच संपतो, आणि मधूनमधून दिसणाऱ्या राजकन्येच्या वाळूच्या घड्याळाला काही अर्थ राहत नाही. जपानमध्ये १९९२ साली सुपर फॅमिकॉम या टीव्हीला जोडायच्या कन्सोलसाठी झालेल्या आवृत्तीत १२ ऐवजी २० लेव्हल होत्या आणि वेळ १२० मिनिटांचा होता. म्हणजे सरासरीने पाहिले तर एका लेव्हलला पाचऐवजी सहा मिनिटे मिळू लागली. आकड्यातील एवढ्याशा बदलाने खेळण्याचा स्वभाव कसा पालटतो, याची तुलना निबंधात केल्यास ती कोणत्याही चरित्रपर माहितीपेक्षा अधिक मोलाची ठरेल.

प्रिन्समधील छायापुरुषाची, म्हणजे राजपुत्राच्याच छायेच्या रूपातील शत्रूची, हकिकत मी थोडी विस्ताराने सांगतो, कारण डिझाइन म्हणजे काय हे समजावण्यासाठी याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. मेकनर यांना आरंभी गेममध्ये लढाई नकोच होती आणि राजपुत्राच्या हालचालींनीच ॲपल टूची मेमरी इतकी भरली होती की दुसऱ्या पात्राच्या आकृतींना जागा उरली नव्हती. त्यांच्या मैत्रीण आणि ब्रॉडरबंडमधील सहकारी टोमी पियर्स मात्र लढाईवाचून गेम सुना वाटतो असे वारंवार सांगत राहिल्या. तेव्हा असा तोडगा निघाला की राजपुत्राचीच आकृती घ्यायची, तिचे बिट (संगणकाच्या मेमरीतील ठिपक्यांचे शून्य-एक आकडे) एका जागेने सरकवून मूळ आकृतीशी गणिती क्रियेने मिसळायचे, आणि त्यातून चमचमणारी भुतासारखी आकृती मिळवायची. नव्या चित्रांना मेमरी लागली नाही आणि शत्रू मिळाला. पुढे आणखी जागा मोकळी करून पहारेकरीही आणले गेले.

तंत्राची बाजू एवढीच. पण त्या आकृतीचे गेममध्ये काय केले ते पाहा. चौथ्या लेव्हलमध्ये राजपुत्र आरशातून आरपार उडी मारतो आणि त्याची छाया त्याच्यापासून सुटून पळते. पुढे ती त्याच्या वाटणीचे पेय पिऊन टाकते आणि नंतर एकदा त्याच्या डोळ्यांदेखत दरवाजा बंद करून त्याला खाली पाडते. बाराव्या लेव्हलमध्ये ती तलवार घेऊन समोर उभी राहते. आतापर्यंत तलवारधारी दिसला की लढायचे हे खेळाडूच्या हाताला शिकवलेले असते. येथे वार केला तर तो स्वतःलाच लागतो. तलवार म्यान केली की छायाही तलवार म्यान करते, दोघे एक होतात आणि पुढची वाट खुली होते. कराटेकामधील राजकन्येचा प्रसंग आठवा : लढण्याची सवय सोडल्याशिवाय शेवट मिळत नाही. मेमरीच्या टंचाईतून जन्मलेली आकृती याच डिझायनरच्या जुन्या विचाराला जाऊन मिळाली. दुसऱ्या कोणाच्या हाती तीच युक्ती केवळ भिन्न रंगाचा एक शत्रू होऊन राहिली असती.

बाजारात मात्र या गेमची सुरुवात थंड झाली. १९८९ पर्यंत ॲपल टूचे दिवस सरत आले होते. डॉस, जपानी संगणक, मॅकिंटॉश आणि घरगुती कन्सोल यांवर आवृत्त्या निघत गेल्या तसतसे यश येत गेले. हे नमूद करायचे कारण असे की पहिल्या वर्षाच्या विक्रीवरून डिझाइनची गुणवत्ता ठरवणारा निबंध या गेमला अपयशी ठरवून मोकळा झाला असता.

तिसरा गेम ‘द लास्ट एक्सप्रेस’. आपण त्याला ‘पडलेला गेम’ म्हणून एका ओळीत संपवू नये. मेकनर यांनी १९९३ साली सॅन फ्रान्सिस्को येथे स्मोकिंग कार प्रॉडक्शन्स ही कंपनी काढली आणि गेम १९९७ साली प्रसिद्ध झाला. जुलै १९१४ मध्ये पॅरिसहून कॉन्स्टँटिनोपलकडे निघालेली ओरिएंट एक्सप्रेस, पहिले महायुद्ध पेटण्याआधीचे अखेरचे दिवस, आणि डब्यांत निरनिराळ्या देशांचे, वर्गांचे आणि मतांचे प्रवासी. येथे घड्याळ खऱ्या वेळेच्या सहापट गतीने सतत चालते आणि प्रत्येक पात्र आपल्या वेळापत्रकाप्रमाणे जेवते, भांडते, कट करते, झोपते. खेळाडू तेथे असो वा नसो. चूक झाली तर घड्याळाचे काटे मागे फिरवून आधीच्या क्षणापासून पुन्हा सुरुवात करता येते. प्रिन्समध्ये वेळ गमावणे ही शिक्षा होती; येथे वेळ मागे नेता येते, पण एका जागी असताना दुसऱ्या जागी जे घडले ते हुकते. विक्री पडण्याची कारणे डिझाइनबाहेरचीही होती : प्रकाशनाच्या सुमारास ब्रॉडरबंडच्या विपणन विभागातील मंडळी कंपनी सोडून गेली, आणि पुढच्याच वर्षी ती कंपनी दुसऱ्या कंपनीने विकत घेतली. मला स्वतःला हा त्यांचा सर्वांत धाडसी गेम वाटतो.

चौथा, २००३ सालचा ‘सँड्स ऑफ टाइम’, युबिसॉफ्ट या मोठ्या गेम कंपनीच्या माँट्रियल येथील स्टुडिओत बनला. त्याचे सर्जनशील दिग्दर्शन पॅट्रिस देझिले यांनी केले आणि मेकनर लेखक व डिझायनर म्हणून सामील होते. कथेची सुरुवात भारतातील एका महाराजाच्या राजवाड्यावरील हल्ल्याने होते आणि नायिका फराह ही त्या महाराजाची कन्या आहे, ही गोष्ट आपल्या वाचकांना कदाचित रुचेल. राजपुत्राजवळच्या जादुई खंजिरातील वाळू खर्च करून काही क्षण मागे फिरवता येतात. शिवाय संपूर्ण कथा राजपुत्र स्वतः सांगतो आहे अशी योजना असल्यामुळे, वाळू संपून खेळाडू मेला तर राजपुत्र स्वतःला थांबवून असे घडलेच नव्हते अशा अर्थाचे बोलतो आणि गेम पूर्वीच्या जागी जातो. म्हणजे मरून पुन्हा सुरू करणे ही गेमची सर्वांत कृत्रिम गोष्टही कथनाचा भाग झाली. या गेमचे श्रेय लिहिताना आपण काळजी घ्यावी : भिंतीवरून धावण्याची कसरत, कॅमेरा, लढाई हे मोठ्या चमूचे काम आहे. ‘मेकनर यांनी बनवलेला’ असे सरसकट लिहिणे त्या चमूवर अन्याय करणारे होईल, आणि ‘मेकनर यांचा नाहीच’ असे लिहिणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. त्याच चमूने पुढे याच मालिकेसाठी सुरू केलेल्या कामातून २००७ सालचा ‘असॅसिन्स क्रीड’ निघाला, हेही ध्यानात ठेवावे.

येथवर आलेला धागा एकदा जुळवून घेऊ. प्रिन्समध्ये वेळ सतत गळते आणि परत येत नाही; लास्ट एक्सप्रेसमध्ये ती मागे फिरवता येते, पण सगळीकडे हजर राहता येत नाही; सँड्समध्ये मागे फिरण्याचा अधिकार मोजका आहे आणि तो कमवावा लागतो. कराटेकामध्ये घड्याळ नाही, परंतु कोणत्या क्षणी पवित्रा बदलायचा हाच तेथील वेळेचा प्रश्न आहे.

आता आपल्या स्वतःच्या वाटचालीविषयी. ‘मीही मेकनर यांच्यासारखा एकाच गेमवर वर्षानुवर्षे खपू का?’ असे आपण शेवटी विचारले आहे. याचे उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे. १९८५ साली एकटा माणूस कोड, चित्रे आणि लेव्हल असे सर्व करून दुकानात विकला जाणारा गेम पूर्ण करू शकत असे. मेकनर यांना कराटेकाची रॉयल्टी मिळत होती आणि कुटुंबाचा आधार होता. इतके असूनही त्यांनी मध्येच अनेक महिने गेम बाजूला ठेवून चित्रपटाची पटकथा लिहिण्याचा प्रयत्न केला आणि काम लांबले. आज पुणे, मुंबई किंवा बेंगळुरू येथील स्टुडिओत रुजू होणारा नवा डिझायनर मोबाइल गेमच्या लेव्हल मांडतो, आकड्यांचे तक्ते सांभाळतो आणि दर आठवड्याला खेळाडूंच्या वागण्याचा अहवाल वाचतो. आपल्याला लगेच पगाराची गरज असेल, तर लहान गेम पूर्ण करून दाखवणे आवश्यक आहे. पोर्टफोलिओत अर्धवट राहिलेल्या भव्य गेमपेक्षा दहा मिनिटांचा, शेवटपर्यंत घासून नीट केलेला गेम मला नेहमी अधिक सांगून जातो. घरची तजवीज असेल आणि एखादी कल्पना पाठ सोडत नसेल, तर एक-दोन वर्षे तिला देण्यातही काही वावगे नाही. दोन्ही वाटांवर आपला प्रश्न कोणता, हे शोधणे सारखेच शक्य आहे.

एका बाबतीत मात्र परिस्थिती बदलली तरी सल्ला बदलत नाही, आणि ती म्हणजे करार. मेकनर प्रकाशकाचे पगारी नोकर नव्हते. ते लेखकाप्रमाणे रॉयल्टीवर काम करत होते आणि प्रिन्सचे हक्क त्यांनी स्वतःकडे राखले. म्हणून ब्रॉडरबंड नाहीशी झाल्यावरही युबिसॉफ्टला त्यांच्याशी बोलणी करावी लागली आणि पुढे २०१० सालचा चित्रपटही निघाला. नोकरीत आपण केलेल्या कामाचे हक्क सामान्यतः कंपनीचे असतात. ते गैर नाही, पण सही करण्यापूर्वी ते आपल्याला माहीत असले पाहिजे. फावल्या वेळात केलेल्या गेमचे काय, हे कलम विशेष लक्ष देऊन वाचावे आणि समजले नाही तर वकिलाला दाखवावे.

अभ्याससाहित्याच्या बाबतीत आपण भाग्यवान आहात. मेकनर यांनी त्या वर्षांतील आपल्या दैनंदिन्या प्रसिद्ध केल्या आहेत. प्रिन्सचा ॲपल टूवरील मूळ कोड हरवला असे समजले जात होते. २०१२ साली त्यांच्या वडिलांना घरातील एका खोक्यात त्या डिस्क सापडल्या, जाणकारांच्या मदतीने त्या वाचल्या गेल्या आणि कोड सर्वांसाठी खुला झाला. २०२३ साली आलेल्या ‘द मेकिंग ऑफ कराटेका’ या संग्रहात डेथबाउन्ससह कराटेकाचे टप्पे खेळून पाहता येतात. नाकारलेला गेम, कच्चे प्रयोग, दैनंदिनी, कोड आणि तयार गेम असे सर्व एकत्र उपलब्ध असणारे डिझायनर फारच थोडे आहेत, आणि आपल्या निवडीचे मला जे कौतुक वाटते ते यामुळे.

निबंधासाठी सर्व गेमवर समान पाने खर्च करू नयेत. मी आपल्या जागी असतो तर छायापुरुष आणि लास्ट एक्सप्रेसमधील मैफल हे दोनच प्रसंग सविस्तर घेतले असते. त्या मैफलीत व्हायोलिनवादक ॲना आणि पियानोवर क्रोनोस हे संगीतकार सेझार फ्रांक यांचे सोनाटा वाजवतात आणि बरेच प्रवासी ऐकायला जमतात. गेम आपल्याला काही सांगत नाही. बसून ऐकता येते, किंवा उठून रिकाम्या डब्यांची झडती घेता येते. तो भाग एकदा बसून आणि एकदा उठून, असा दोनदा खेळा, दोन्ही वेळा घड्याळ पाहून काय घडले ते वहीत नोंदवा, आणि निबंधाचे पहिले पान त्या नोंदींवरून लिहा.